मोडलेला घोटा आणि परतलेली चाल : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील एका दुखापतीचा इतिहास

पायाच्या अस्थिभंगाविषयी बोलताना मराठी माणूस दोन निरनिराळ्या घटनांसाठी दोन निरनिराळी वाक्ये योजतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हाड ‘जुळते’, ‘सांधते’ किंवा ‘भरून येते’. पाय मात्र ‘चालता होतो’ किंवा ‘मोकळा होतो’. पहिल्या वाक्याचा कर्ता हाड आहे, दुसऱ्याचा पाय. आणि पहिली घटना घडली म्हणजे दुसरीही घडलीच, असे भाषा गृहीत धरीत नाही. हा साधा भेद मान्य करावयास वैद्यकाला पुष्कळ काळ लागला आणि कायद्याला त्याहूनही अधिक लागला. प्रस्तुत लेखात ह्या विलंबाचा इतिहास पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात पाहावयाचा आहे. उदाहरण म्हणून घोट्याचा अस्थिभंग घेतला आहे; कारण हाड उत्तम जुळूनही चाल परत न येण्याचा प्रकार ह्या सांध्यात फार ठळकपणे दिसतो.

प्रथम ‘घोटा’ ह्या शब्दाविषयी. अमरकोशात ‘गुल्फ’ आणि ‘घुटिका’ हे दोन्ही शब्द पायाच्या ह्या गाठीसाठी दिले आहेत. वैद्यकाने ‘गुल्फ’ उचलला. लोकभाषांनी दुसऱ्या शब्दाचे कूळ पुढे चालविले. गुजरातीत ‘घूंटी’ म्हणजे घोटाच. पण हिंदीतील ‘घुटना’, जो ह्याच कुळातील असावा, तो एक सांधा वर चढून गुडघा होऊन बसला आहे. चाकणच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. दवाखान्यात ‘घोटा दुखतो का?’ ह्या मराठी प्रश्नाला गुडघ्यावर हात ठेवून उत्तर मिळाले, तर त्याचे कारण व्युत्पत्तिशास्त्रात शोधावे लागेल.

दुसरे असे की, मराठीत बाहेर दिसणाऱ्या उंचवट्यालाही घोटा म्हणतात आणि आतल्या सांध्यालाही. वस्तुतः आतील व बाहेरील हे दोन उंचवटे दोन वेगळ्या हाडांची टोके होत : आतील नडगीच्या मोठ्या हाडाचे, बाहेरील तिच्या शेजारच्या बारीक हाडाचे. ह्या दोन टोकांमध्ये जी खाच तयार होते तीत पावलाचे एक हाड, सुताराने खाचेत ठोकळा बसवावा तसे बसलेले असते. त्या आतल्या हाडाला बोलीत नाव नाही, कारण ते हाताला लागत नाही. पण सर्व शरीराचा भार त्याच्यावरून पावलाकडे जातो. खाच थोडी रुंदावली तरी काय होते हे १९७६ मध्ये रॅम्से आणि हॅमिल्टन ह्यांनी दाखवून दिले. ते हाड बाहेरच्या बाजूला केवळ एक मिलिमीटर सरकले, तर सांध्यातील परस्परांस टेकणारे क्षेत्र सुमारे ४२ टक्क्यांनी घटते. घोटा ‘जवळजवळ नीट’ बसला, ह्या समाधानाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

प्राचीन ग्रंथांत जुळणी आणि चाल ह्यांची सांगड कशी घातली होती, हे पाहणे उद्‌बोधक आहे. सुश्रुताने हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले. वड, पिंपळ, उंबर इत्यादी झाडांच्या सालींच्या पट्ट्या आणि बांबूच्या कामट्या बांधावयास सांगितल्या. ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बंध बदलावा असे लिहिले. आणि पायाच्या अस्थिभंगात रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने अवयव स्थिर ठेवण्याची कपाटशयन नावाची योजना सांगितली. हे सर्व जुळणीविषयी झाले. पण गुल्फमर्माच्या वर्णनात तो ह्या मर्माच्या आघाताचे तीन परिणाम नोंदवितो : वेदना, पाऊल ताठरणे आणि लंगडेपणा. ताठरणे ही वेगळी आपत्ती म्हणून येथे मोजली आहे, हे लक्षणीय होय. हाताच्या तळव्याच्या अस्थिभंगानंतर तर त्याने क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायामच दिला आहे : आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, बळ आल्यावर दगड. पावलासाठी तशी पायरी-पायरीची योजना त्याने सांगितली असती तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हाडवैद्यांची परंपरा ह्या ग्रंथांपासून बरीच दूर, हाताच्या कसबावर चालत आली. तिच्याविषयी आपल्याकडे एक तर भाबडी श्रद्धा आढळते किंवा निखालस तिरस्कार. दोन्ही बाजूला ठेवून पाहता असे दिसते की, सांध्यावर हाड नेमके बसविणे हे केवळ चाचपून होणारे काम नव्हे. आणि करकचून बांधलेल्या पट्टीने रक्तप्रवाह अडून पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. तथापि तेल, शेक आणि लवकर हालचाल ह्यांवर हाडवैद्याचा जो भर असे, तो वाया गेलेला नाही. आधुनिक अस्थिशल्याचे एक मूळही अशाच एका घराण्यात आहे. लिव्हरपूल येथील ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) हा वेल्समधील हाडवैद्यांच्या वंशातला. त्याचा बाप हाडवैद्यच होता. गंमत अशी की, थॉमस स्वतः दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. घराण्याचे कसब त्याने आत्मसात केले आणि घराण्याची घाई टाकून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. उलट पक्षी फ्रान्समध्ये ल्यूका-शांपिओनिएर ह्याने मर्दन आणि लवकर हालचाल ह्यांचा पुरस्कार केला. विश्रांती की हालचाल, हा वाद तेव्हापासून पाऊणशे वर्षे चालला.

औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने थॉमसपेक्षा त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स अधिक महत्त्वाचा. मँचेस्टरच्या जहाजी कालव्याचे काम चालू असता १८८८ मध्ये त्याची तेथील शल्यप्रमुख म्हणून नेमणूक झाली. हजारो मजूर खणतीवर, अपघात रोजचे. जोन्सने कालव्याच्या कडेने रुग्णालयांची आणि प्रथमोपचार-ठाण्यांची साखळी उभी केली. कामगारांसाठी संघटित रीतीने चालविलेली ही पहिली मोठी अपघात-सेवा समजली जाते. पुढे पहिल्या महायुद्धात त्यानेच जखमी सैनिकांसाठी रुग्णालयाला जोडून कार्यशाळा काढल्या. तेथे सुतारकाम, शिवणकाम, यंत्रकाम हाच उपचार होता. पायाने चालवावयाचे यंत्र दिले की घोटा आपोआप वाकू लागे.

ह्याच विचाराचा एक धागा आपल्या प्रदेशात आला तो लष्कराच्या वाटेने. युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि नंतर खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. खडकीपासून पुढे मुळा ओलांडली की दापोडी, आणि तेथून पिंपरीचा पट्टा सुरू होतो. म्हणजे ह्या पट्ट्यात कारखाने येण्यापूर्वीच त्याच्या वेशीवर पुनर्वसनाची विद्या नांदत होती. परंतु ती पाय गमावलेल्यांसाठी होती, पाय शाबूत असून तो वाकत नाही अशांसाठी नव्हे. नागरी वैद्यकात ही उणीव भरून निघण्यास पन्नासचे दशक उजाडले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय संस्था आणि त्याच वर्षी भौतिकोपचारकांचा देशव्यापी संघ अस्तित्वात आला. ह्या हालचालीमागे मुख्य प्रेरणा बालपक्षाघाताची होती. कारखान्यातील कामगार तिच्या विचारात दुय्यम होता. ‘भौतिकोपचार’ हा परिभाषेतील शब्द कागदावर राहिला. बोलीने ‘फिजिओ’ स्वीकारला, आणि तोही उपचार व उपचारक ह्या दोघांनाही लावला.

पिंपरीचा औद्योगिक इतिहास १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या कारखान्यापासून मोजण्याचा प्रघात आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने उभारलेल्या ह्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्या विषयाशी ह्याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. घोट्यावर मांसाचे आवरण नाही; कातडीखाली लगेच हाड. म्हणून येथील अस्थिभंगात हाड कातडी फोडून बाहेर येण्याचा धोका मोठा. जंतुनाशनाची साधने नव्हती तेव्हा अशा जखमेवर पाय कापणे हाच सुरक्षित मार्ग मानीत. ज्याचे नाव पुढे घोट्याच्या अस्थिभंगाला मिळाले त्या लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्याचा पाय १७५६ मध्ये घोड्यावरून पडून असाच उघडा मोडला होता. कापण्याची तयारी झाली असता त्याच्या वृद्ध गुरूने पाय वाचविण्याचा सल्ला दिला आणि तो वाचला. (मोड घोट्याच्या बरीच वर होती; नाव मात्र घोट्याला चिकटले.) पॉटच्या वाट्याला जे दैवाने आले ते प्रतिजैविकांनी पुष्कळांच्या आवाक्यात आणले. पाय वाचू लागले आणि तेव्हाच, वाचलेल्या पायाने चालता येते की नाही, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांच्या आधाराने भोसरीला शेकडो लहान कारखाने ह्या क्रमाने पट्टा वाढला. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. अस्थिशल्यात हा प्लास्टरचा काळ होता. डच लष्करी वैद्य माथाइसेन ह्याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत स्वस्त, सोपी आणि हाडापुरती प्रभावी. तिचा दोष तिच्या गुणातच होता. सहा-आठ आठवडे सांधा जखडला की पोटरी रोडावते, सांध्याभोवतीचे आवरण आखडते, आणि प्लास्टर निघाल्यावर पाऊल वर उचलावयास जाते तेव्हा उचलत नाही. रोग्याची समजूत मात्र अशी की प्लास्टर निघाले म्हणजे दुखणे संपले. ह्या टप्प्यावर व्यायामाची शिस्त सुरू व्हावयाची. पण कामगार येथेच रुग्णालयाची वाट सोडीत असे.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन पट्टी व स्क्रू ह्यांनी हाड आतून पक्के करून सांधा लवकर हलविण्याचा पंथ काढला. पुण्यात डॉ. के. एच. संचेती ह्यांनी १९६५ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि शहर अस्थिशल्याचे केंद्र म्हणून वाढले. आज पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात येणाऱ्या कामगाराला ‘पट्टी टाकणे’, ‘स्क्रू टाकणे’ हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. ते त्याच्या धंद्यातलेच आहेत. किंबहुना ही परिचितता फसवी ठरते. स्क्रू आवळला की जोड पूर्ण झाला, हा यंत्रशाळेतील अनुभव तो पायाला लावतो. आणि सूज संध्याकाळी का वाढते, सहा महिन्यांनीही जिना उतरताना पाऊल का अडखळते, हे त्याला उमगत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाला जोडलेली दुखापतींची यादी हा भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा दस्तऐवज आहे. तीत अंगठा गेल्यास ३० टक्के, पायाचा अंगठा गेल्यास १४, एका पायाची सर्व बोटे गेल्यास २०, पाऊल गेल्यास ५० अशी उपार्जनक्षमतेची हानी नेमून दिली आहे. यादीची बहुतेक नामे तुटण्याची आहेत. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयव गेल्याप्रमाणे समजावे, अशी एक तळटीप आहे; पण वापर अर्धा गेला तर काय, ह्याचे उत्तर यादीत नाही. ताठरलेला घोटा नेमका ह्या फटीत पडतो. अशा वेळी हानी किती, हे वैद्यकीय व्यवसायीने ठरवावयाचे असते. म्हणजे अवयव तुटलेल्याला यादीचा आधार, न वाकणाऱ्या पायाच्या धन्याला डॉक्टरच्या शब्दाचा. कारखाने अधिनियम, १९४८ नेही अपघाताची दखल हालचालीवरून घेतली नाही, अनुपस्थितीवरून घेतली : ४८ तास किंवा अधिक काळ कामगार कामावर येऊ शकला नाही तर कळवावे. हे सर्व जुने अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांत विलीन झाले. टक्केवारीच्या यादीची रीत तेथेही टिकून आहे.

१९४८ च्या कामगार राज्य विमा योजनेची भाषा अधिक उदार आहे. कामावर झालेल्या इजेने काम करता येत नाही तोवर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि त्याला दिवसांची कमाल मर्यादा नाही. परंतु तोच घोटा घरच्या पायरीवर मोडला तर तो आजार ठरतो : ७० टक्के, वर्षात ९१ दिवस. ९१ दिवसांत घोट्याचे हाड सामान्यतः जुळते. चाल परतेलच असे नाही. दीर्घ आजारांसाठी मुदत वाढविणारी जी वेगळी यादी आहे तीत न जुळलेले किंवा उशिरा जुळणारे हाड आहे, अवयवच्छेदन आहे, हाडाचा जुनाट जंतुदोष आहे. ताठरलेल्या सांध्याला स्वतंत्र नाव नाही. शिवाय २०१७ पासून महिना २१,००० रुपयांहून अधिक वेतन असलेला कामगार ह्या योजनेच्या बाहेर राहतो, ही पट्ट्यातील कायम कामगारांच्या दृष्टीने लहान बाब नव्हे.

न्यायालयांनी ही फट काही अंशी बुजविली. १९७५ मध्ये डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने यादीतील टक्के बाजूला ठेवून, तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून हानी शंभर टक्के धरली. २०१० मध्ये मोटार-अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या हानीची टक्केवारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे विस्ताराने सांगितले : माणूस काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि आधी काय करीत असे, ह्या क्रमाने विचार करावा. घराहून कामावर जाताना झालेला अपघात विमा योजनेत २०१० च्या दुरुस्तीने आला. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो धरावा, असा निर्णय जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात झाला. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण रस्त्यांवर पाळी सुटताना दिसणारी दुचाकींची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला ह्या निर्णयाचे मोल सांगावयास नको.

दुचाकीवरून एक गोष्ट आठवते. आकुर्डीत तयार झालेल्या चेतक स्कूटरची किक उजव्या पायाची आणि मागचा ब्रेकही उजव्या पायाचा. गिअर व क्लच डाव्या हातात. त्यामुळे डावा घोटा मोडलेला स्वार लवकर स्कूटरवर बसू शकत असे, उजवा मोडलेला उशिरा. घोटा बरा झाल्याची ही कसोटी कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही.

ग्रंथांतील कसोट्या दुसऱ्या समाजांच्या आहेत, हाच येथे मुख्य मुद्दा होय. सपाट जमिनीवर चालताना पाऊल नडगीकडे सुमारे दहा अंश वाकले तरी पुरते. तळवा जमिनीला टेकवून उकिडवे बसावयाचे तर ते चाळीस अंशांच्या जवळ वाकावे लागते. ज्या देशात खुर्ची, मेज आणि उंच शौचकूप आहे तेथे दहा-पंधरा अंश परतले की रोगी बरा. घोट्याच्या अस्थिभंगानंतरची प्रगती मोजण्यासाठी स्वीडनमध्ये ओलेरुड आणि मोलांडर ह्यांनी १९८४ मध्ये जी शंभर गुणांची पद्धत प्रसिद्ध केली आणि जी आजही जगभर वापरतात, तीत उकिडवे बसण्याला फक्त ५ गुण आहेत, धावण्याइतकेच आणि उडी मारण्याइतकेच. ह्याच्या तुलनेत आपल्या केंद्र सरकारच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांतील पायाच्या स्थैर्याची मोजणी पाहावी. तेथे सपाटीवर चालणे, चढावर चालणे, जिना चढणे इत्यादी नऊ क्रियांना प्रत्येकी १० असे ९० गुण आहेत आणि त्या नवांत जमिनीवर उकिडवे बसणे व मांडी घालणे ह्या स्वतंत्र क्रिया आहेत. ज्याने ही नऊ कलमे ठरविली त्याला आपल्या लोकांचे बसणे-उठणे माहीत होते. ह्याच जाणिवेचे दुसरे फळ म्हणजे १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी घडविलेला जयपूर पाय. त्याचा घोटा मांडी घालता यावी आणि उकिडवे बसता यावे अशा बेताने वाकतो. कृत्रिम पायाकडून जी अपेक्षा ठेवली ती हाडामांसाच्या पायाकडून ठेवू नये, हे चमत्कारिक होय.

पट्ट्यातील जीवनात उकिडवे बसणे कोठे कोठे लागते ते पाहावे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ह्या गावांत चार-सहा जणांनी मिळून घेतलेल्या खोल्यांतील शौचकूप देशी पद्धतीचे, जेवण जमिनीवर, कपडे धुणे मोरीत. भोसरीच्या लहान कारखान्यांत वेल्डिंग, जुळणी, साचेकाम पुष्कळदा जमिनीवरच चालते. यंत्राखाली डोकावणाऱ्या फिटरला टाच टेकवून बसता आले नाही तर तो चवड्यांवर तोल सांभाळतो आणि दुसऱ्यांदा पडतो. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीला मुक्कामास येते. पाय बरा झाल्याची खूण म्हणून ‘यंदा आकुर्डीपर्यंत तरी चालणार’ असे म्हणणारी माणसे ह्याच भागातली. ही कसोटी अंशांत मांडता येणार नाही. पण चढ, गर्दी, अनवाणी पाऊल आणि दिवसभराची सूज ह्या सर्वांची ती एकत्रित परीक्षा आहे.

शेवटी ‘फिट’ ह्या शब्दाविषयी. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत निदान तीन कामे करतो : माणूस फिट असतो, माणसाला फिट येते आणि नट फिट बसतो. तिसऱ्या अर्थात घट्टपणा, जागचे न हलणे अभिप्रेत आहे. रजेनंतर कामगाराला जे प्रमाणपत्र लागते त्यास बोलीत ‘फिट’ असेच म्हणतात. ‘डॉक्टरांनी फिट दिले’. प्रमाणपत्रात फिट आणि अनफिट ह्यांच्या मधली जागा नाही. ती जागा बोलीत आहे : ‘हलके काम’. जोन्सने कार्यशाळांतून हेच केले होते आणि भौतिकोपचाराच्या दृष्टीनेही बसून-उठून करावयाचे, थोडा भार देणारे काम हे ताठरलेल्या सांध्याला औषधच असते. जुन्या कारखान्यांतील कायम कामगाराला संघटनेच्या बळावर ते मागता येते. चाकणच्या जुळणी-पट्ट्यापाशी आठ तास उभा राहणारा कंत्राटी कामगार ते मागू शकत नाही; कंत्राटदाराकडे हलक्या कामाची जागा नसते आणि रिकाम्या जागेवर दुसऱ्या आठवड्यात दुसरा माणूस असतो. त्याच्यापुढे पूर्ण पाळी उभे राहणे किंवा गावी जाणे एवढेच उरते. तो बहुधा गावी जातो. आणि तेथे त्याचा घोटा पुढे किती अंश वाकला, ह्याची नोंद ना कारखान्याच्या दप्तरात होते, ना विम्याच्या, ना रुग्णालयाच्या.